नाव कागदावर, हक्क कुठे?

"साहेब, सातबारा माझ्या नावावर आहे. म्हणजे जमीन माझीच ना?"

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रश्न त्याच्या टेबलावर सतत येत असतो. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. वकील मात्र उतारा उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "फेरफार आणलेत का? आजोबांच्या वेळचा सातबारा आहे का घरात?" समोरचा गोंधळतो. सरकारी उतारा आहे, त्यावर आपलं नाव छापलंय, आणखी काय हवं?

कायद्याचं उत्तर ऐकून भलेभले चकित होतात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही, आणि नाव लागलं नाही म्हणून कुणाची मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे निकालामागून निकालात सांगितलं आहे. ज्या उताऱ्यापायी भावाभावांत डोकी फुटतात, तो मालकीचा दस्तच नाही. लोकांना हे समजावून सांगताना मला अजूनही दर वेळी नवल वाटतं.

मग सातबारा आहे तरी काय? त्यासाठी इंदापूरला जावं लागतं. १८३६च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या या तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतं नव्याने मोजायला घेतली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी पुरती फसली होती. सारा इतका जड झाला की शेतकरी जमिनी पडीक टाकून निघून गेले. नव्या पद्धतीत एकेक शेत मोजून त्याला नंबर दिला, मातीची प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर. आज पुण्याच्या आसपास गुंठ्याचा भाव विचारणारा माणूस त्या साखळीच्या मापातच बोलत असतो.

सरकारपुढे तेव्हा प्रश्न एकच होता, या नंबराचा सारा कुणाकडून घ्यायचा? मालक कोण, हे ठरवणं त्या मोजणीचं कामच नव्हतं. पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला. आजचा गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद, दोन्ही मिळून सातबारा. पण मूळ स्वभाव महसुलाचाच राहिला. अर्थात म्हणून त्याला किंमत नाही असं कुणी समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की ही नोंद खोटी शाबीत होईपर्यंत खरी धरायची. ज्याचं नाव आहे त्याला कोर्टात हा मोठाच आधार असतो. आधार आणि मालकी यांत मात्र अंतर आहे, आणि त्या अंतरातच आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतले निम्मे दिवाणी दावे राहत असावेत असं वाटतं.

जुना, हाताने लिहिलेला सातबारा वाचायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. एखाद्या नावाला कंस केलेला असतो. तो खातेदार एक तर वारला किंवा त्याने जमीन विकली. शेजारी फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही, उघडली की कारण सापडतं. अमुक तारखेस मयत, वारस इतके, वर्दी अमक्याची. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं दिसली तर तिथे थांबावं. एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्याचं असलं तरी त्याच्यामागे अख्खं घर उभं आहे. धाकट्या भावांची नातवंडं पुढे त्या तीन अक्षरांच्या जोरावर आपला हिस्सा मागायला येतात. आणि एका बाजूला 'इतर हक्क' नावाचा रकाना. सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, असं सगळं तिथे लिहितात. कितीतरी जुन्या उताऱ्यांत बहिणींची नावंही त्याच रकान्यात, कर्जाच्या बोजाशेजारी लिहिलेली सापडतात. भाऊ खातेदार, बहीण इतर हक्कात. त्या रकान्याकडे मी पुढे येणारच आहे.

कागद हक्क देत नसेल तर हक्क येतो कुठून? खरेदी केली असेल तर नोंदणी झालेल्या खरेदीखतातून. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ठरवून दिलं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्तच हवा. तो १०० रुपयांचा आकडा आजही तसाच आहे. पण वारशाने येणारा हक्क याहून विलक्षण आहे.

"वडील जाऊन वर्ष झालं. जमीन आमच्या नावावर कधी होणार?" असं विचारणाऱ्याला सांगावं लागतं की बाबा रे, ती त्याच क्षणी तुमची झाली. वडिलांचा श्वास थांबला त्या क्षणी त्यांची मिळकत वारसांच्या ठायी आली. मधे एक पळही ती बेवारस राहत नाही. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसनोंद घालतात ती घडून गेलेल्या गोष्टीची. नोंद लवकर करून घ्यावीच, पण ती रखडली म्हणून हक्क रखडत नाही.

आणि वारस कोण? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आणखी एक नाव आहे, आईचं. वडील त्या वर्गात नाहीत, ते पुढच्या वर्गात. तरुण मुलगा अपघातात गेला आणि मागे बायको, दोन मुलं नि म्हातारी आई असेल, तर त्याच्या स्वतःच्या कमाईचे चार सारखे हिस्से पडतात आणि त्यातला एक आईचा. "मला कसला आलाय हिस्सा?" असं म्हणत कोपऱ्यात बसलेल्या आजींना हे पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघण्यासारखा असतो.

याच कायद्याचं कलम २० वाचताना मला कायम भरून येतं. वडील गेले तेव्हा मूल पोटात असेल आणि पुढे ते जिवंत जन्मलं, तर ते वडिलांच्या मृत्यूआधीच जन्मलं होतं असं धरून त्याला हिस्सा मिळतो. ज्याला अजून नाव नाही, त्याच्यासाठी कायदा थांबायला तयार आहे. लगेच पुढचं कलम २१. बाप आणि मुलगा एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं हे सांगता येत नसेल, तर उलट पुरावा येईपर्यंत धाकटा मागून गेला असं मानायचं. एवढ्या एका गृहीतावर संपत्ती कुठल्या घरात जाणार हे ठरतं, सासूकडे की सुनेकडे. हे कलम लिहिणाऱ्यांनी असा कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आणला असेल, असा विचार मनात येतोच.

आता तो 'इतर हक्क'चा रकाना. "लग्न झालेल्या बहिणीला वाटा द्यावा लागतो का हो?" हा प्रश्न भाऊ हळू आवाजात विचारतात आणि बहिणी त्याहूनही हळू. याचं मूळ नऊशे वर्षं मागे जातं. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याचा हक्क जन्माने असतो, हा तिचा सिद्धान्त. बापाने दिला म्हणून नाही, बाप गेला म्हणूनही नाही, जन्मला म्हणून. इंग्रजी कोर्टांनी तो उचलला, आणि १९५६च्या कायद्यानेही ही जन्मसिद्ध भागीदारी पुरुषांपुरतीच ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेलं हिंदू कोड बिल रखडत गेलं आणि १९५१च्या सप्टेंबरात त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं. मुलींच्या हक्काची लढाई तिथून आणखी अर्धं शतक चालली.

महाराष्ट्राने १९९४ साली केंद्राच्या आधी पाऊल टाकलं, पण अर्धवट. २२ जून १९९४ या दिवशी जी अविवाहित होती तिलाच जन्मसिद्ध हिस्सा. एकाच आईच्या दोन मुली. थोरलीचं लग्न त्या वर्षीच्या मे महिन्यात लागलं आणि धाकटीचं पुढच्या वर्षी, तर थोरली बाहेर, धाकटी आत. ही रेघ ९ सप्टेंबर २००५ला केंद्राच्या दुरुस्तीने पुसली. तरीही एक वाद उरला, त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं, गरज नाही. मुलीचा हक्कही जन्मानेच. फक्त २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार मोडायचे नाहीत. विज्ञानेश्वराने मुलग्यासाठी वापरलेलं तत्त्व, तेच 'जन्माने', नऊ शतकांनी मुलीपाशी पोचलं.

गावात त्यापुढची गोष्ट हक्कसोडपत्राची. साडीचोळी होते, जेवण होतं, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीची सही. ती आपखुशीने सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे, त्यात कुणी पडू नये. पण माहेर तुटेल या धाकाने केलेली सही मला बघवत नाही. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच असतं: ताई, मसुदा आदल्या दिवशी घरी न्या, स्वतः वाचा, भावाच्या वकिलाला विचारू नका, दुसऱ्या कुणालातरी विचारा. कारण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड असतं.

"नॉमिनी माझंच नाव आहे" हे वाक्य असंच ठाम आत्मविश्वासाने येतं. बँकेच्या ठेवी, शेअर, फ्लॅट, सगळीकडे नाव लावलेलं असतं. पण नॉमिनी हा पोस्टमनसारखा. मनीऑर्डर त्याच्या हातात येते, रक्कम असते दुसऱ्याची. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं होतं, आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३मध्ये मुंबईतल्याच एका कुटुंबाच्या वादात पुन्हा सांगितलं. विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आईवडील, जोडीदार, मुलं यांना नेमलं तर त्यांचा वेगळा विचार होतो, हा अपवाद लक्षात ठेवावा. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, खरे वारस ठरेपर्यंत. तेव्हा नॉमिनी लावा, जरूर लावा, पैसे अडकत नाहीत. पण मृत्युपत्राचं काम त्याने होत नाही.

मृत्युपत्र म्हटलं की लोक विचारतात, "किती रुपयांच्या बाँडवर करायचं?" कसल्याच नाही. साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, कुठल्याही भाषेत लिहा. दोन साक्षीदारांदेखत सही करा आणि त्यांच्या सह्या घ्या. नोंदणीही ऐच्छिक आहे, केली तर चांगलं. १०० रुपयांचा मुद्रांक आला की व्यवहार पक्का झाला, ही समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे. (ऑक्टोबर २०२४पासून महाराष्ट्रात बऱ्याच दस्तांना तो १०० ऐवजी ५०० रुपयांचा लागतो.) मुद्रांक हा कर आहे. तो भरला म्हणून बेकायदा मजकूर कायदेशीर होत नाही. ५०० रुपयांच्या कागदावर नवराबायकोने "आजपासून आम्ही विभक्त" असं लिहून नोटरीचा शिक्का घेतला, तरी कोर्टाच्या दृष्टीने लग्न शाबूतच.

उलट, काही ठिकाणी कागदच लागत नाही. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात मोहिमेवर असलेल्या सैनिकाची खास सोय आहे. तो दोन साक्षीदारांसमोर तोंडाने मृत्युपत्र करू शकतो. मोहीम संपून तो सुखरूप परतला आणि ती सवलत संपली, की महिन्याभराने ते शब्द आपोआप विरतात. हिंदू सैनिकाला मात्र हे कलम लागू होत नाही, हे फौजेत मुलं पाठवणाऱ्या साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मृत्युपत्राच्या बाबतीतच राज्याच्या सीमेपलीकडचं एक आश्चर्य. सावंतवाडीचा गृहस्थ स्वतः कमावलेलं घर मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकतो, मुलांना वगळूनही. तासाभराच्या अंतरावर पेडण्याला त्याच्याच आडनावाच्या गृहस्थाला तसं करता येत नाही. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला नियम आहे की मुलं असतील तर मृत्युपत्राने फार तर अर्ध्याच मिळकतीची व्यवस्था लावता येते, उरलेला अर्धा वारसांचा राखीव. शिवाय वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी, आणि घर विकायचं तर दोघांच्या सह्या. कित्येक मराठी माणसं तिथे फ्लॅट घ्यायला जातात आणि विकणाऱ्याच्या बायकोची सही कशाला हवी म्हणून गोंधळतात.

"भाडेकरार अकरा महिन्यांचाच का?" याचं पुस्तकी उत्तर सोपं आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवायला लावला, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण मुंबईकराच्या मनातली भीती वेगळीच आहे. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, ती १ सप्टेंबर १९४०च्या दराला धरून. पुढे एक दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे जे लायसन्सवर राहत होते, ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. आदल्या दिवशीचा पाहुणा दुसऱ्या दिवशी कायमचा. तो धक्का अजून घरमालकांच्या पिढ्यांत मुरलेला आहे. गंमत अशी की महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांनी सुटका होतच नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात.

"बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हे तर गावोगाव ऐकू येतं. भाडेकरूला ते लागू नाही. परवानगीने राहणारा पन्नास वर्षं राहिला तरी परवानगीनेच राहिला. मालकाच्या नाकावर टिच्चून, उघडपणे, सलग बारा वर्षं कब्जा ठेवला तरच तो दावा उभा राहतो. पण निव्वळ काळातून हक्क उगवतो हे मात्र खरं आहे. वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने एका पायवाटेने गेलात तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने ती वाट तुमची. जमीन सरकारी असेल तर तीस. आणि शेजाऱ्याने उद्या बांधावरचा रस्ता नांगरून टाकला तर? दिवाणी कोर्टात वर्षं घालवायची गरज नाही. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा अजून जिवंत आहे. तहसीलदार न्यायाधीश होऊन बसतो, जागेवर येऊन पाहणी करतो, अडथळा काढायला लावतो. अट एकच, अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. तडजोड होईल, पंच बसतील म्हणून थांबलेले किती शेतकरी सातव्या महिन्यात येतात, ते बघून जीव तुटतो.

लोक उशिरा येतात त्याला कारण पैशाची आणि अब्रूची भीती. वकिलाला सांगितलेलं सगळं गावभर होईल, असं वाटतं. तसं होऊ नये म्हणून कायद्यानेच कुंपण घातलंय. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वकील उघड करू शकत नाही. वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही, आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. पुढे करायच्या गुन्ह्याला मदत मागितली तर मात्र हे संरक्षण उठतं. आधी हे पुरावा कायद्यात होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२मध्ये आहे.

आणि फी? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुक्यातालुक्यात विधी सेवा समितीची सोय केली आहे, आणि ती कोर्टाच्या आवारातच भेटते. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कामगार, कोठडीतले कैदी, आपत्तिग्रस्त आणि मुलं यांना तिथे वकील फुकट मिळतो. महिलांनाही मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. बागायतदाराच्या घरची असो की मजुराची, हक्कसोडपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी कुठल्याही बहिणीला तिथे जाऊन मसुदा दाखवता येतो. फोन करायचा असेल तर नंबर १५१००.